हँडल बंद करणारा माणूस : चार्ल्स केटरिंग

पिंपरी-चिंचवडमध्ये राहून इंजिनिअरिंग करणाऱ्याला बॅटरीचं कौतुक वाटत नाही. चिंचवडला एक्साइडचा कारखाना आहे, आकुर्डीला बजाज आणि फोर्स, पिंपरीत टाटा मोटर्स आणि पुढे गेलं की चाकण. भोसरीच्या रस्त्यावर तर बॅटरी चार्ज करून देणारी टपरी दर दोन चौकांमागे सापडते. किल्ली फिरवली की इंजिन घुर्र करतं आणि आपण निघतो. गाडी सुरू होणं यात कुणाचं काही डोकं लागलं असेल, हे मनातसुद्धा येत नाही.

व्हायवाला मात्र येतं! स्टार्टर मोटर सिरीज वाउंड का असते, हा एक्स्टर्नल मंडळींचा आवडता प्रश्न. सुरुवातीला टॉर्क जास्त मिळतो म्हणून, हे उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण ही मोटर गाडीत बसवायचा नाद ज्याने धरला त्याचं नाव विचारलं तर वर्ग गप्प. हे नाव आहे चार्ल्स केटरिंग. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला शेतकऱ्याचा मुलगा. त्याने जितकी कामं केली तितकी एका लेखात मावणार नाहीत, आणि त्यातलं एक काम असं आहे की त्याचं कौतुक करताना माझा पेन अडतो. तेही सांगणार आहे.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर. पाच भावंडांतला चौथा. अभ्यासात हुशार, पण डोळे कमजोर. थोडं वाचलं की डोकं ठणकायचं. शाळा संपल्यावर त्याने आधी एका खोलीच्या शाळेत मास्तरकी केली. मग वूस्टरच्या कॉलेजात काही दिवस शिकला, डोळ्यांनी दगा दिला म्हणून सोडलं. १८९८ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला नाव घातलं, तिथेही तेच झालं. वर्ष वाया.

आपल्याकडे असा मुलगा घरी परतला असता तर शेजारपाजारच्यांनी काय काय म्हटलं असतं, ते सांगायला नको. केटरिंगने टेलिफोन कंपनीच्या लाइनवर काम धरलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. उघड्यावरच्या कामाने डोळ्यांना आराम पडला आणि काही दिवसांत तो गँगचा फोरमन झाला. ॲशलंड गावात हे काम चालू असताना ऑलिव्ह विल्यम्स या मुलीशी त्याची ओळख झाली, आणि १९०५ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याआधी तो पुन्हा ओहायो स्टेटला गेला होता. या वेळी त्याने एक युक्ती केली. पुस्तकं स्वतः वाचायचीच नाहीत! रूम पार्टनर मोठ्याने वाचायचे, हा ऐकायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलमध्ये एक जण वाचतो आणि चार जण ऐकतात, तसंच. फरक इतकाच की याचं रोज चालायचं. १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन बाहेर पडला. ज्यांची एखाद-दुसरी एटीकेटी राहिली आहे त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानात गल्ल्याचं यंत्र असतं ते बनवणारी ही कंपनी. तेव्हा प्रत्येक विक्रीला दुकानदाराला हाताने दांडा फिरवावा लागे. केटरिंगने त्या यंत्राला छोटी इलेक्ट्रिक मोटर लावली. मोटर छोटीच लावायची होती, कारण जागा नव्हती. इथे त्याच्या लक्षात एक गोष्ट आली आणि पुढचं सगळं आयुष्य त्या गोष्टीवर उभं राहिलं. सतत चालणाऱ्या मोटरचा आकार तिच्या तापण्यावरून ठरतो. पण जी मोटर एक-दोन सेकंदच चालणार आणि मग गप्प बसणार, तिच्यात ताकदीच्या कितीतरी पट करंट घातला तरी ती जळायच्या आत काम उरकतं. उष्णता करंटच्या वर्गाबरोबर वाढते हे खरं, पण वेळेबरोबरही वाढते. वेळच कमी केली तर? आपण हे सूत्र फर्स्ट इयरला शिकतो आणि पेपरात लिहून विसरतो. त्याने ते गल्ल्यात वापरलं.

याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचा वरचा अधिकारी होता. त्याला मोटारींचं वेड. १९०८ च्या सुमारास डीड्सच्या घरामागच्या गोठ्यात (खरं तर घोड्यांचा आणि गवताचा बार्न, आपण गोठाच म्हणू) केटरिंग आणि कंपनीतले आणखी काही जण संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जमू लागले. दिवसा नोकरी, रात्री गोठा. पहिलं काम इग्निशनचं. तेव्हाच्या गाड्यांत ड्राय सेलवर चालणारी थरथरणारी कॉइल असे. ती एका स्फोटासाठी ठिणग्यांचा पाऊस पाडायची आणि सेल चुटकीसरशी संपायचे. केटरिंगने एका वेळी एकच, पण दणकट ठिणगी पडेल अशी रचना केली. सेल जास्त दिवस टिकू लागले. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलंड याने हजारो संचांची ऑर्डर दिली आणि १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी जन्माला आली. तिच्या इंग्रजी नावातली अक्षरं जोडून झालं डेल्को. या कामातून पुढे आलेल्या बॅटरी-कॉइल-काँटॅक्ट ब्रेकरच्या पद्धतीला पुस्तकांत आजही केटरिंग इग्निशन म्हणतात. आपल्याकडच्या फियाट आणि ॲम्बेसिडरमध्ये कितीतरी वर्षं हेच होतं. पॉइंट घासले की पॉलिश पेपर मारायचा, हे वडिलांच्या पिढीला पाठ.

आता मुख्य गोष्टीकडे.

तेव्हा गाडी सुरू करायची म्हणजे पुढे जाऊन हँडल मारायचं. ज्यांनी जुना ट्रॅक्टर किंवा डिझेल पंप हँडलने सुरू केला असेल त्यांना माहीत आहे, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट फिरतं आणि हँडल मनगट किंवा अंगठा मोडून जातं. कधी जबड्यावरही बसतं. लेलंडच्या ओळखीतला मोटार कारखानदार बायरन कार्टर १९०८ मध्ये वारला. रस्त्यात बंद पडलेल्या कुणाच्या तरी गाडीचं हँडल मारताना ते उलटलं, ती जखम निमित्त झाली, असं सांगितलं जातं. लेलंडने मनावर घेतलं की कॅडिलॅकला हँडल नको.

विजेने इंजिन फिरवायची कल्पना केटरिंगच्या आधीही लोकांना सुचली होती. जाणकारांचं म्हणणं पडायचं की तेवढी मोटर आणि तेवढी बॅटरी बसवली तर गाडीत माणसांना जागा उरणार नाही. हिशोब चूक नव्हता, पण तो सतत चालणाऱ्या मोटरचा होता. केटरिंगकडे गल्ल्याचा अनुभव होता. इंजिनला फिरवायचंय किती वेळ? दोन-तीन सेकंद. मग छोटी मोटर, मोठा करंट, मध्ये गिअर, आणि इंजिन सुरू झाल्यावर मोटरला त्यापासून सोडवणारा एकाच दिशेने पकडणारा क्लच. शिवाय तीच मोटर इंजिन चालू झालं की डायनॅमो व्हायची आणि बॅटरी भरून दिवे लावायची. एकच यंत्र, तीन कामं. फेब्रुवारी १९११ मध्ये नमुना कॅडिलॅककडे गेला आणि १९१२ च्या मॉडेलवर स्टार्टर आला. डेल्कोकडे तोवर स्वतःचा धड कारखाना नव्हता, तो घाईघाईने उभा करावा लागला. पेटंटचा अर्ज १९११ चा, मंजुरी १९१५ ची.

या यंत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग मोटर नाही, बॅटरीची जोडणी आहे. लेड-ॲसिडच्या एका सेलचे साधारण दोन व्होल्ट. कॅडिलॅकमध्ये असे बारा सेल होते, तीन-तीनचे चार गट. म्हणजे प्रत्येक गट सहा व्होल्टचा. गाडी चालू असताना चारही गट पॅरलल, सहा व्होल्टवर चार्ज होणार आणि दिवे लावणार. स्टार्टरचा खटका दाबला की तेच चार गट सिरीजमध्ये, एकदम चोवीस व्होल्ट! तार तितकीच, करंट कमी, ताकद जास्त. सोडलं की पुन्हा सहा. विजेचा पहिला धडा शिकवतो तो सिरीज-पॅरलल, पण खटक्यावर.

हे वाचताना मला चिंचवडच्या एका गॅरेजमध्ये पाहिलेली ट्रॅव्हलर आठवते. मालकाने आतल्या सीट काढून दोन पलंग, छोटा फ्रीज, पंखा आणि मोबाइल चार्जिंगचे पॉइंट बसवले होते. स्पितीला जायचा बेत. पुढे गाडीची बॅटरी होती, मागच्या पलंगाखाली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी, आणि दोन्हींत फक्त एक जाड वायर टाकायची की अजून काही, यावर मिस्त्री आणि मालकाचा वाद चालला होता. हा वाद मुळात दोन वेगळ्या कामांचा आहे. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ प्लेटी भरपूर असतात, म्हणजे ॲसिडला भिडणारं क्षेत्रफळ जास्त आणि काही सेकंद शेकडो अँपिअर देता येतात. पण तिला रात्रभर थोडं थोडं पिळलं तर ती मरते. घरच्या बॅटरीच्या प्लेटी जाड. ती संथपणे अर्ध्यापर्यंत उतरली तरी हू का चू करत नाही, पण एकदम झटका देणं तिचं काम नाही.

दोन्ही नुसत्या पॅरलल जोडल्या तर काय होतं? इंजिन चालू असेपर्यंत छान, अल्टरनेटर दोघींना भरतो. गाडी बंद करून माणसं झोपली की फ्रीज दोघींना सारखाच खातो. पहाटे शून्याखाली थंडी, इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट, लेड-ॲसिडची ताकद थंडीने आधीच घटलेली आणि दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या. ढकलायला माणसं नाहीत. अशा जागी बंद पडणं ही गंमत नसते.

म्हणून इंजिन चालू असताना दोघी जोडलेल्या हव्यात आणि बंद असताना तुटलेल्या. हाताचा मोठा खटका लावता येतो, पण दमलेला माणूस तो फिरवायला विसरतो. मध्ये डायोड लावले तर विसरायची भीती नाही, पण सिलिकॉनचे शून्य पॉइंट सात व्होल्ट वाटेत जातात, अल्टरनेटरने १४.२ दिले तर बॅटरीला १३.५ च मिळतात, ती कधीच पूर्ण भरत नाही आणि प्लेटींवर सल्फेट बसतं. तिसरा उपाय व्होल्टेज बघणारा रिले. पुढच्या बॅटरीवर १३.३ च्या आसपास दिसले म्हणजे इंजिन चालू आहे, तेव्हा जोडायचं, १२.८ च्या खाली आलं की तोडायचं. साधा, स्वस्त आणि शहाणा. पण वायरला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज पाहिजेच. मागची बॅटरी रिकामी असेल तर रिले जोडल्याबरोबर त्या वायरमधून मोठा करंट धावतो, आणि वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली असेल तर दोन्हीकडून आग लागू शकते. एकाच टोकाला फ्यूज लावणारा मिस्त्री अर्धंच काम करतो, असं माझं मत. बीएस सिक्स आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो. मग रिलेला वाटतं इंजिन बंद झालं. तिथे आणि लिथियमच्या बॅटरीसाठी मध्ये डीसी टू डीसी चार्जरच लावावा लागतो. तो पुढून मिळेल ते घेतो आणि मागच्या बॅटरीला तिला हवं तेच व्होल्टेज मोजून देतो.

असो, विषय केटरिंगचा आहे. पण मी वाट सोडलेली नाही, कारण घरची बॅटरीसुद्धा याच माणसाच्या हातून घरोघरी गेली. अमेरिकेतल्या खेड्यांत तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलासुद्धा दहातल्या एखाद्याच शेतावर लाइन पोचली होती. केटरिंग स्वतः कंदिलाच्या उजेडात वाढलेला, तोही असल्या डोळ्यांनी. १९१६ मध्ये डेल्को-लाइट बाजारात आलं. रॉकेलवर चालणारं एका सिलिंडरचं हवेने थंड होणारं इंजिन, त्याला जोडलेला डायनॅमो आणि शेजारी फळीवर काचेच्या बरण्यांत सोळा सेल. सोळा दुणे बत्तीस व्होल्ट. दिवसा कधीतरी इंजिन चालवून बॅटरी भरून ठेवायची, रात्री शांतपणे दिवे वापरायचे. इंजिन सुरू करायला पुन्हा तीच युक्ती : खटका दाबला की बॅटरी डायनॅमोलाच मोटर करून इंजिन फिरवायची. म्हणजे स्टार्टरची आणि घरची बॅटरी एकच! आपल्या ट्रॅव्हलरवाल्याचा प्रश्न इथेही आहेच. दिव्यांच्या नादात बॅटरी तळाला गेली तर इंजिन कोण फिरवणार?

स्टार्टरने आणखी एक विचित्र गोष्ट झाली. १९१२ च्या आधी अमेरिकेच्या शहरांत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बऱ्याच होत्या. हँडल नाही, धूर नाही, म्हणून विशेषतः बायकांची त्यांना पसंती. पेट्रोलच्या गाडीत छोटी मोटर आणि छोटी बॅटरी बसली आणि बॅटरीच्या गाडीचं मुख्य भांडवलच गेलं. त्यात पेट्रोलच्या गाड्या स्वस्त होत चालल्या होत्या. काही वर्षांत इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. आता आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतक बनते आणि चाकणला महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्या. मधली शंभर वर्षं गेली कुठे, याचं थोडं उत्तर डीड्सच्या गोठ्यात आहे.

आता ते अडणारं काम. डेल्को-लाइटची इंजिनं रॉकेलवर ठोकत. नॉकिंग हो, जे आपण आयसी इंजिनच्या पेपरात लिहितो. गाड्यांतही ठोका ऐकू यायचा आणि लोक त्याचा दोष केटरिंगच्या बॅटरी इग्निशनला द्यायचे. १९१६ मध्ये त्याने थॉमस मिजली या तरुण मेकॅनिकल इंजिनिअरला कारण शोधायला लावलं. दोघांचा अंदाज असा की रॉकेलला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल, वाफ नीट होईल. हाताशी तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन टाकलं. ठोका थांबला! मग खरे रंग आणून टाकले, तर काहीच फरक नाही. अंदाज साफ चुकीचा होता, पण वाट सापडली होती. आयोडीन महाग आणि धातू खाणारं. पाच वर्षं एकामागून एक पदार्थ तपासत ९ डिसेंबर १९२१ ला ते टेट्राएथिल लेडपर्यंत पोचले. गॅलनला थेंबभर शिसं आणि ठोका बंद.

शिसं विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हतं. रोमन काळापासून लोकांना माहीत होतं. अल्कोहोल मिसळलं तरी ठोका थांबतो, हेही केटरिंग आणि मिजलीला ठाऊक होतं. आधी तर दोघांना त्याच्यात भविष्य दिसत होतं. पण अल्कोहोल बरंच मिसळावं लागतं आणि त्याचं पेटंट कुणाला मिळणार? फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर शिशाचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. १९२४ मध्ये ते विकायला एथिल कंपनी निघाली, केटरिंग तिचा अध्यक्ष. त्याच ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवेच्या रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मेले, कितीतरी आजारी पडले. इतर दोन कारखान्यांतही मृत्यू झाले होते. १९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला सरकारी परिषद झाली. हार्वर्डच्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला. केटरिंग कंपनीच्या बाजूने उभा राहिला. विक्री काही महिने थांबली, चौकशी समितीला बंदी घालण्याइतका पुरावा दिसला नाही, आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढची पन्नास-साठ वर्षं जगभरच्या शहरांतल्या मुलांच्या रक्तात ते शिसं जात राहिलं. भारतात शिसं नसलेलं पेट्रोल सगळीकडे सक्तीचं झालं १ फेब्रुवारी २००० ला. जगात शेवटी थांबला अल्जीरिया, २०२१ मध्ये. आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल भारतात २०२५ मध्ये येऊन पोचलं. म्हणजे ज्या वाटेवरून तो परत फिरला त्याच वाटेवर आपण शंभर वर्षांनी आलो.

काही मित्र म्हणतात, त्या काळात त्याला पुढचं कसं कळणार? हे अर्धंच पटतं. लहान मुलांच्या बुद्धीवर होणारा परिणाम तेव्हा कुणी मोजला नव्हता, मान्य. पण कामगार डोळ्यांसमोर मेले होते. गल्ल्याच्या मोटरबाबत सगळे जाणकार नाही म्हणत असताना ज्याने स्वतः मोजून बघितलं, त्याने इथे मोजायचं काम ज्यांचा नफा होता त्यांच्यावर सोडलं. स्टार्टरने किती मनगटं वाचवली ते एका पारड्यात टाकून हे दुसऱ्या पारड्यात तोलता येत नाही.

दरम्यान डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि शेवटी जनरल मोटर्समध्ये गेली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता. या काळातली एक गोष्ट आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी. पाणी गोठतं, रेडिएटर फुटतो, म्हणून त्याने तांब्याच्या पंखांचं हवेने थंड होणारं इंजिन केलं. प्रयोगशाळेत चाललं. कारखान्यातल्या लोकांना ते नकोच होतं. १९२३ मध्ये शेव्हरोलेने ७५९ गाड्या बनवल्या, त्यांतल्या शंभरच गिऱ्हाइकांपर्यंत गेल्या, आणि तक्रारींमुळे सगळ्या परत बोलवाव्या लागल्या. केटरिंगने राजीनामा देऊ केला. आल्फ्रेड स्लोनने घेतला नाही. डिझाइन आणि प्रॉडक्शनची मंडळी एका टेबलावर बसत नाहीत तेव्हा काय होतं, याचं हे उदाहरण आपल्या औद्योगिक पट्ट्यात आजही रोज घडत असेल.

बाकीचं भराभर सांगतो. गाडीला रंग द्यायला आठवडे लागायचे, ड्यूको लॅकरने ते तासांवर आणलं. फ्रीजसाठी मिजलीच्या गटाने फ्रेऑन शोधलं, ज्याने पुढे ओझोनला भोक पाडलं (मिजलीच्या नशिबी काय काय होतं!). पहिल्या महायुद्धात त्याने बिनमाणसाचं उडतं बॉम्बविमानही केलं होतं, युद्ध संपलं म्हणून ते वापरलं गेलं नाही. आणि दोन स्ट्रोकचं हलकं डिझेल इंजिन, ज्यावर त्याचा मुलगा यूजीनही काम करत होता. २६ मे १९३४ ला बर्लिंग्टन झेफर ही गाडी त्या इंजिनावर डेन्व्हरहून शिकागोपर्यंत १,०१५ मैल तेरा तास पाच मिनिटांत धावली. अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांचे दिवस तिथून भरले. त्याच घराण्याची डिझेल इंजिनं १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-फोर म्हणून भारतीय रेल्वेतही आली.

१९४५ मध्ये स्लोन आणि केटरिंगच्या नावाने न्यूयॉर्कला कॅन्सर संशोधन संस्था निघाली. स्लोनच्या फाउंडेशनने पैसे दिले, कारखान्यातलं संशोधन जसं चालतं तसं कॅन्सरचं चालवायची जबाबदारी केटरिंगने घेतली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह गेली. गवत हिरवं का असतं, म्हणजे पान सूर्यप्रकाश कसा साठवतं, हा प्रश्न त्याने उतारवयापर्यंत सोडला नाही. त्यासाठी अँटिऑक कॉलेजात त्याच्या पैशावर वर्षानुवर्षं काम चाललं. बॅटरीवाल्या माणसाला ऊर्जा साठवण्याचंच कोडं पडावं, यात मला नवल वाटत नाही.

२५ नोव्हेंबर १९५८ ला डेटनला तो वारला. वय ८२, नावावर १८६ पेटंटं. तोवर अमेरिकेच्या खेड्यांत तारा पोचल्या होत्या आणि काचेच्या बरण्या माळ्यावर गेल्या होत्या. डेटनशेजारच्या गावाला त्याच्या हयातीतच केटरिंग हे नाव मिळालं होतं. फ्लिंट शहरात जनरल मोटर्सची इंजिनिअरिंग शिकवणारी संस्था होती, तिचं नाव १९९८ मध्ये केटरिंग युनिव्हर्सिटी झालं. तिथली मुलं आलटूनपालटून काही महिने वर्गात असतात आणि काही महिने कारखान्यात.